विश्लेषण : तिकीट ‘प्रीमियम’, मग लाउंजचे दार बंद का? देशांतर्गत विमानप्रवासात प्रवेशाचा हक्क नेमका कुणाला?

मुलाने हौसेने आई-वडिलांसाठी मुंबई-दिल्ली विमानाचे ‘प्रीमियम इकॉनॉमी’चे तिकीट काढले. चेक-इनची रांग छोटी होती, सामानही आधी गेले. सुरक्षा तपासणीनंतर दोघे लाउंजच्या काउंटरवर पोहोचले आणि तिथे उत्तर मिळाले, ‘या तिकिटावर प्रवेश नाही.’ मुलाने पाठवलेला त्याच्या क्रेडिट कार्डाचा फोटो दाखवला, तोही चालला नाही. रोख भरायचे तर माणशी हजारावर रक्कम सांगितली गेली. असा प्रसंग आज अनेक कुटुंबांच्या ओळखीचा आहे. जास्त पैसे मोजूनही दार का उघडत नाही? बिझनेस क्लास आणि प्रीमियम इकॉनॉमी यांत फरक काय? कार्डावरची ‘मोफत’ सोय कुठे गेली? याचा आढावा.

लाउंजमध्ये कुणाला सोडायचे, हे ठरवते कोण?

विमानतळावरील लाउंज हा प्रवाशाचा कायदेशीर हक्क नाही. नागरी विमान वाहतूक महासंचालनालय अर्थात डीजीसीएचे नियम विमान उशिरा सुटणे, रद्द होणे, प्रवाशाला चढू न देणे अशा बाबींविषयी बोलतात. लाउंज त्यांत येत नाही. ती एक व्यावसायिक सेवा आहे आणि तिचे नियम करारांतून ठरतात.

आपल्याकडील बहुतेक देशांतर्गत लाउंज विमान कंपन्यांच्या मालकीची नसतात. विमानतळ चालवणारी कंपनी किंवा तिने नेमलेला ठेकेदार ती चालवतो. त्याला प्रत्येक प्रवेशामागे कुणीतरी पैसे देते. बिझनेस क्लासच्या प्रवाशाचे पैसे विमान कंपनी देते, कार्डधारकाचे बँक किंवा कार्ड नेटवर्क देते, आणि या दोन्हींत न बसणारा प्रवासी स्वतः देतो. त्यामुळे काउंटरवरच्या कर्मचाऱ्यासाठी तुमची सीट किती रुंद आहे किंवा तिकीट किती महाग आहे, हा प्रश्नच नसतो. त्याच्यासमोरच्या यंत्राला एवढेच कळते की, या माणसाचे बिल कुणाला लावायचे. बिल लावायला कुणी नसेल तर दार उघडत नाही. लाउंजचे सगळे गुंतागुंतीचे नियम या एका प्रश्नाशी येऊन थांबतात.

देशांतर्गत प्रवासात आत जाण्याचे मार्ग चार आहेत : तिकिटाचा वर्ग, विमान कंपनीच्या सदस्य योजनेतील दर्जा, बँकेचे कार्ड आणि थेट पैसे. एक मार्ग बंद असला तरी दुसरा खुला असू शकतो. मात्र एकाचे नियम दुसऱ्याला लावायला गेले की गोंधळ होतो.

बिझनेस क्लासला मिळते, प्रीमियम इकॉनॉमीला का नाही?

एअर इंडियाच्या देशांतर्गत बिझनेस क्लासच्या जाहीर सोयींमध्ये लाउंजचा समावेश असतो. प्रीमियम इकॉनॉमीत तो नसतो. तिथे पाय पसरायला जास्त जागा, चेक-इन आणि बोर्डिंगला प्राधान्य, चांगले जेवण अशा गोष्टी मिळतात. त्यांतल्या बऱ्याचशा सोयी विमानात किंवा काउंटरवर मिळणाऱ्या आहेत. त्या विमान कंपनीच्या स्वतःच्या हातात असतात. लाउंजचे पैसे मात्र प्रत्येक प्रवाशामागे बाहेरच्या संस्थेला मोजावे लागतात.

हिशेब साधा आहे. एअर इंडियाच्या नव्याने सजवलेल्या ए-३२० निओ विमानात बिझनेस क्लासच्या ८, प्रीमियम इकॉनॉमीच्या २४ आणि इकॉनॉमीच्या १३२ जागा आहेत. फक्त बिझनेस क्लासला लाउंज दिले तर कंपनीला एका उड्डाणामागे जास्तीत जास्त ८ जणांचे बिल येईल. प्रीमियम इकॉनॉमीलाही दिले तर तो आकडा ३२ वर, म्हणजे चौपट जाईल. दोन वर्गांमधील रेषा इथेच ओढली गेली आहे.

भारतात देशांतर्गत प्रवासासाठी प्रीमियम इकॉनॉमी हा वर्ग पहिल्यांदा आणला विस्ताराने. या कंपनीने जानेवारी २०१५ मध्ये उड्डाणे सुरू केली आणि १२ नोव्हेंबर २०२४ रोजी ती एअर इंडियात विलीन झाली. हा मधला वर्ग आता रुळला असला, तरी ‘प्रीमियम’ या शब्दामुळे होणारा गैरसमज कायम आहे.

इंडिगोनेही नोव्हेंबर २०२४ मध्ये दिल्ली-मुंबई मार्गावर ‘स्ट्रेच’ ही रुंद आसने आणली. अशी ऐसपैस सीट विकत घेतली म्हणजे लाउंज आपोआप मिळाले, असे गृहीत धरू नये. सीटचे नाव काहीही असो, तिकीट काढताना दिसणाऱ्या सोयींच्या यादीत ‘लाउंज’ हा शब्द स्वतंत्रपणे लिहिलेला आहे का, एवढेच पाहावे. लिहिलेला नसेल तर ती सोय नाही असे समजावे.

कर मात्र ‘प्रीमियम’ दराने कसा?

इथे एक विसंगती प्रवाशांना खटकते. जीएसटीसाठी विमान तिकिटांचे दोनच गट आहेत : इकॉनॉमी आणि इकॉनॉमी सोडून बाकी सगळे. इकॉनॉमीवर ५ टक्के कर आहे. बाकी वर्गांवर आधी १२ टक्के होता, तो २२ सप्टेंबर २०२५ पासून १८ टक्के झाला. प्रीमियम इकॉनॉमी दुसऱ्या गटात मोडते.

म्हणजे मूळ भाडे १० हजार रुपये धरले, तर इकॉनॉमीत ५०० रुपये कर लागतो आणि प्रीमियम इकॉनॉमीत तेवढ्याच भाड्यावर १,८०० रुपये. निव्वळ कराचा फरक १,३०० रुपयांचा. सरकारच्या लेखी हा प्रवासी बिझनेस क्लासच्या पंगतीत बसतो आणि लाउंजच्या लेखी इकॉनॉमीच्या. कायद्याने यात काही चूक नाही, कारण कर तिकिटाच्या वर्गावर आहे आणि लाउंज करारावर. पण ‘इतका जास्त कर भरला, मग सोय का नाही’ असे विचारणाऱ्या प्रवाशाचा राग कुठून येतो, हे यातून समजते.

सीट आयत्या वेळी बदलली तर?

इकॉनॉमीचे तिकीट असताना बिझनेस क्लास मिळण्याचे तीन प्रकार असतात. पहिला, फरकाची रक्कम किंवा जमा झालेले पॉइंट्स देऊन आधीच वर्ग बदलून घेणे. दुसरा, बोली लावून रिकामी सीट मिळवणे. तिसरा, विमानात जागांची अडचण झाली म्हणून कंपनीने स्वतःहून पुढे बसवणे. तिन्ही प्रकारांत सीट तीच असते, पण लाउंजचे उत्तर एकच असेल असे नाही. बोली लावताना दाखवलेल्या अटींमध्ये लाउंजचा उल्लेख आहे का, ते पैसे भरण्यापूर्वी वाचावे. कंपनीने गेटवर आयत्या वेळी दिलेल्या सीटबरोबर लाउंजचा प्रश्न बहुधा उरतच नाही. तोवर बोर्डिंगची घोषणा झालेली असते.

याच्या उलट घडले तर मात्र नियम प्रवाशाच्या बाजूने आहे. बिझनेस क्लासचे तिकीट असताना कंपनीने प्रवाशाच्या इच्छेविरुद्ध खालच्या वर्गात बसवले, तर देशांतर्गत प्रवासात करांसह तिकिटाच्या किमतीच्या ७५ टक्के रक्कम परत द्यावी लागते. हा नियम डीजीसीएने फेब्रुवारी २०२३ पासून लागू केला. अशा वेळी ‘लाउंज वापरू देतो, तेवढ्यावर भागवा’ असे कुणी सुचवले तर प्रवाशाने परतावाच मागावा.

सदस्यत्वाच्या दर्जाचा उपयोग किती?

वर्षभर सतत उडणाऱ्यांसाठी हा मार्ग सर्वांत भरवशाचा आहे. एअर इंडियाच्या ‘महाराजा क्लब’ योजनेत रेड, सिल्व्हर, गोल्ड आणि प्लॅटिनम असे चार टप्पे आहेत. एअर इंडिया जुलै २०१४ पासून ‘स्टार अलायन्स’ या जागतिक विमान कंपन्यांच्या गटाची सदस्य आहे. त्यामुळे तिच्या गोल्ड आणि प्लॅटिनम सदस्यांना या गटाचा ‘स्टार गोल्ड’ दर्जा मिळतो. हा दर्जा असलेला प्रवासी इकॉनॉमीतून जात असला, तरी त्या दिवशी गटातील कंपनीच्या विमानाने उडत असेल तर त्याला लाउंज खुले होते. सोबत त्याच विमानाने जाणारी एक व्यक्तीही नेता येते.

म्हणजे एकाच विमानात इकॉनॉमीच्या तिकिटावरचा गोल्ड सदस्य लाउंजमध्ये जेवून येतो आणि त्याच्यापेक्षा जास्त भाडे भरणारा प्रीमियम इकॉनॉमीचा प्रवासी बाहेर बसतो. वरवर हे उलटे वाटते. पण कंपनीच्या दृष्टीने गोल्ड सदस्य वर्षभराचा गिऱ्हाईक आहे आणि त्याचे बिल भरणे तिला परवडते.

यात एक खबरदारी हवी. तिकीट काढताना सदस्य क्रमांक घातलेला असला पाहिजे आणि बोर्डिंग पासवर दर्जा छापून आलेला असला पाहिजे. वेब चेक-इन केल्यावर तो दिसत नसेल तर काउंटरवर जाऊन पास पुन्हा काढून घ्यावा. सुरक्षा तपासणी पार केल्यानंतर मागे येणे अवघड असते.

कार्डावरचा ‘मोफत’ प्रवेश आटला का?

भारतातील लाउंजमधली गर्दी बिझनेस क्लासच्या प्रवाशांमुळे झालेली नाही. ती कार्डांमुळे झाली. बँकांनी क्रेडिटच काय, अनेक डेबिट कार्डांवरही तिमाहीला एक-दोन मोफत प्रवेश दिले. दुसरीकडे देशांतर्गत प्रवासी वाढतच गेले. डीजीसीएच्या आकडेवारीनुसार २०१९ मध्ये १४.४१ कोटी लोकांनी देशात विमानप्रवास केला होता. २०२४ मध्ये ही संख्या १६.१३ कोटींवर गेली. ज्या दारातून मोजके लोक आत जात, तिथे रांगा लागू लागल्या. प्रत्येक प्रवेशाचे बिल बँकेला येत होते, त्यामुळे आखडता हात घेणे अटळ होते.

एचडीएफसी बँकेने डिसेंबर २०२३ पासून ‘रिगेलिया’ क्रेडिट कार्डावर तिमाहीत १ लाख रुपये खर्चाची अट घातली. आयसीआयसीआय बँकेने आपल्या अनेक क्रेडिट कार्डांवर एप्रिल २०२४ पासून आधीच्या तिमाहीत ३५ हजार रुपये खर्चाची अट आणली. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये ती ७५ हजारांवर नेली. इतर बँकाही याच वाटेने गेल्या. ‘आधीची तिमाही’ हा शब्द इथे महत्त्वाचा. एप्रिल ते जूनमध्ये लाउंज हवे असेल तर जानेवारी ते मार्चचा खर्च पाहिला जातो. मे महिन्याच्या सुट्टीत प्रवासाला निघाल्यावर कार्ड घासून उपयोग होत नाही. अट आधीच पूर्ण झालेली असावी लागते.

दुसरा धक्का मध्यस्थांच्या व्यवस्थेला बसला. बँका आणि लाउंज यांना जोडण्याचे काम देशात प्रामुख्याने ड्रीमफोक्स ही कंपनी करीत होती. सप्टेंबर २०२४ मध्ये काही मोठ्या विमानतळांवर तिची सेवा अचानक खंडित झाली आणि कार्डे हातात असलेले प्रवासी दारातच अडकले. वर्षभराने, १६ सप्टेंबर २०२५ पासून, कंपनीने देशांतर्गत लाउंज सेवा बंद करीत असल्याचे शेअर बाजाराला कळवले. त्याआधीच विमानतळ चालक आणि लाउंज कंपन्यांनी बँकांशी थेट जोडणी करायला सुरुवात केली होती. परिणामी जुन्या अनुभवावर विसंबणे आता धोक्याचे झाले आहे. गेल्या दिवाळीत ज्या कार्डावर दार उघडले, त्यावर या दिवाळीत उघडेलच असे नाही.

आई-वडील, मुले आणि पाहुणे यांचे काय?

सर्वाधिक गैरसमज इथे होतात. कार्डावरील प्रवेश हा कार्डधारकासाठी असतो. कार्डावरचे नाव आणि बोर्डिंग पासवरचे नाव एकच असावे लागते. मुलगा घरी आणि त्याचे कार्ड वडिलांच्या खिशात, हा उपाय चालत नाही. कार्डाचा फोटो तर मुळीच चालत नाही. तो मोबाइलवर पाठवणे सुरक्षिततेच्या दृष्टीनेही चुकीचे आहे.

कार्डधारक स्वतः सोबत असला तरी बहुतेक कार्डांवर मोफत प्रवेश एकाचाच असतो. पत्नी, आई-वडील आणि मुलांचे पैसे वेगळे भरावे लागतात. काही वेळा ते जागच्या जागी घेतले जात नाहीत आणि पुढच्या महिन्याच्या बिलात करासह दिसतात. म्हणून पाहुण्याला आत नेण्यापूर्वी ‘यांचे किती आणि कुणाकडून घेणार’ असे स्पष्ट विचारावे. कार्ड तपासताना दोन ते पंचवीस रुपयांपर्यंत किरकोळ रक्कमही कापली जाते आणि ती परत मिळत नाही.

बिझनेस क्लासच्या तिकिटालाही हेच लागू आहे. प्रवेश तिकीटधारकाला आहे. वडील बिझनेसमध्ये आणि आई इकॉनॉमीत असेल तर वडिलांच्या तिकिटावर आईला आत नेता येईलच असे नाही. वयस्कर जोडप्यांसाठी तिकिटे काढताना एकाला पुढे आणि एकाला मागे बसवण्याची काटकसर इथे त्रासदायक ठरते. दोघांपैकी एकटाच आत जाऊन बसेल असे होत नाही. शेवटी दोघेही बाहेर गेटपाशीच थांबतात.

अमेरिकेत पुढच्या रांगेलाही लाउंज नाही?

मुला-नातवंडांना भेटायला अमेरिकेत जाणाऱ्या मराठी कुटुंबांसाठी हा मुद्दा कामाचा आहे. न्यूअर्क किंवा शिकागोला उतरून पुढे डॅलस, सिअ‍ॅटल असा देशांतर्गत टप्पा असतो. थकवा नको म्हणून मुले त्या टप्प्याचे ‘फर्स्ट क्लास’ तिकीट काढतात. भारतातील सवयीने वाटते की, आता लाउंज ठरलेलेच. प्रत्यक्षात अमेरिकन, डेल्टा आणि युनायटेड या तिन्ही मोठ्या कंपन्यांत साध्या देशांतर्गत फर्स्ट क्लासच्या तिकिटावर लाउंज मिळत नाही. न्यूयॉर्क-लॉस एंजेलिससारख्या काही लांब मार्गांवरचे खास वर्ग हा अपवाद. डेल्टाचा ‘डेल्टा वन’ हे त्याचे उदाहरण.

विशेष म्हणजे विमान कंपन्यांच्या लाउंजची सुरुवातही तिथलीच. अमेरिकन एअरलाइन्सने न्यूयॉर्कच्या लाग्वार्डिया विमानतळावर १९३९ मध्ये ‘अ‍ॅडमिरल्स क्लब’ सुरू केला, तेव्हा तो निमंत्रितांसाठी होता. पुढे लाउंज हे तिकिटापासून वेगळे, वार्षिक वर्गणीवर विकले जाणारे उत्पादन झाले. २०२५ मध्ये युनायटेडची ही वर्गणी ७५० डॉलरपासून आणि अमेरिकनची ८५० डॉलरपासून होती. जी गोष्ट एवढ्याला विकता येते, ती देशांतर्गत तिकिटासोबत फुकट देण्याचे कंपन्यांना कारण उरत नाही.

गर्दीचे दुखणे तिथेही तेच. डेल्टाने सप्टेंबर २०२३ मध्ये कार्डधारकांच्या लाउंज भेटींवर वार्षिक मर्यादा जाहीर केली. ग्राहक इतके भडकले की, कंपनीला महिन्याभरात ती सैल करावी लागली. फेब्रुवारी २०२५ पासून लागू झालेल्या सुधारित नियमानुसार काही कार्डांवर वर्षाला १०, तर काहींवर १५ भेटी मिळतात.

यात भारतीय प्रवाशांच्या फायद्याची एक फट आहे. युनायटेडच्या स्वतःच्या गोल्ड सदस्याला निव्वळ देशांतर्गत प्रवासात तिचे लाउंज मिळत नाही, त्यासाठी आंतरराष्ट्रीय टप्पा असावा लागतो. पण स्टार अलायन्समधील परदेशी कंपनीच्या गोल्ड सदस्याला ते देशांतर्गत प्रवासातही मिळते. म्हणजे महाराजा क्लबचे गोल्ड सदस्य असलेले मराठी काका युनायटेडच्या इकॉनॉमीतून शिकागोहून डॅलसला जाताना लाउंजमध्ये बसू शकतात. शेजारच्या सीटवरचा, युनायटेडचाच गोल्ड सदस्य असलेला अमेरिकी मात्र बाहेर राहतो. अट एकच : तिकिटावर महाराजा क्लबचाच क्रमांक असला पाहिजे.

लाउंजच्या नावाने मोबाइलवर फसवणूक कशी होते?

लाउंजचे नियम किचकट झाले, तसे ‘एका क्लिकवर प्रवेश’ सांगणारेही वाढले. २०२४ मध्ये ‘लाउंज पास’ नावाच्या बनावट अ‍ॅपचा प्रकार उघड झाला. बेंगळूरु विमानतळावर एका महिलेने लाउंजसाठी हे अ‍ॅप मोबाइलमध्ये घेतले आणि पुढे तिच्या कार्डावरून ८७ हजार रुपयांहून अधिक रक्कम गेली. सायबर सुरक्षा क्षेत्रातील क्लाउडसेक या कंपनीच्या तपासणीत असे दिसले की, त्या वर्षीच्या जुलै-ऑगस्टमध्ये सुमारे ४५० प्रवाशांनी हे अ‍ॅप घेतले होते आणि त्यांचे ९ लाखांहून अधिक रुपये गेले होते. अ‍ॅप मोबाइलवरील एसएमएस वाचून ते भामट्यांकडे पाठवत होते. बँकेचा ओटीपी त्यातूनच पळवला जात होता.

लाउंजसाठी व्हॉट्सअ‍ॅपवर आलेल्या लिंकवरून अ‍ॅप घेऊ नये. कोणत्याही अ‍ॅपने एसएमएस वाचण्याची किंवा स्क्रीन दाखवण्याची परवानगी मागितली तर तिथेच थांबावे. बँकेचे अधिकृत अ‍ॅप, विमानतळाचे अधिकृत संकेतस्थळ किंवा प्रत्यक्ष काउंटर एवढेच मार्ग वापरावेत. पैसे गेल्याचे लक्षात येताच १९३० या सायबर हेल्पलाइनवर लगेच तक्रार करावी. विमानात बसल्यावर करू म्हटले तर पैसे रोखण्याचा मोलाचा वेळ निघून जातो.

हक्क असूनही आत सोडले नाही तर दाद कुठे?

तिकिटाच्या सोयींमध्ये लाउंज लिहिलेले असेल आणि ते मिळाले नाही, तर दिलेल्या शब्दाप्रमाणे सेवा न मिळाल्याची ती तक्रार ठरते. लाउंज भरलेले आहे, यंत्रणा बंद आहे, अशी कारणे दिली जातात. अशा वेळी विमान कंपनीच्या काउंटरवर जाऊन पर्यायी लाउंज किंवा खाण्याचे कूपन मागावे. तेही न मिळाल्यास सोयींच्या यादीचा स्क्रीनशॉट, बोर्डिंग पास आणि शक्य असल्यास लाउंजच्या दारातील वेळ दाखवणारा फोटो जपून ठेवावा. आधी कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याकडे, मग केंद्र सरकारच्या ‘एअरसेवा’ पोर्टलवर तक्रार करता येते. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे. त्यानंतर जिल्हा ग्राहक आयोगाचा मार्ग खुला असतो. कार्डाचा प्रश्न असेल तर तक्रार विमान कंपनीकडे न करता बँकेकडे करावी.

विमानाला उशीर झाला तर मात्र लाउंज असो वा नसो, प्रत्येक वर्गातील प्रवाशाला खाण्यापिण्याची सोय मागता येते. अडीच तासांपर्यंतच्या उड्डाणाला दोन तास किंवा त्याहून अधिक उशीर होणार असेल, तर वेळेवर आलेल्या प्रवाशांना कंपनीने जेवण किंवा अल्पोपाहार दिला पाहिजे, असे डीजीसीएचा नियम सांगतो. मुंबई-दिल्लीसारखे देशातील अनेक मार्ग यात बसतात. लाउंजसाठी भांडणारे अनेक जण हा खरा हक्क मागायला विसरतात.

मग प्रवाशाने हिशेब कसा मांडावा?

लाउंजमध्ये काय मिळते? बसायला बरी खुर्ची, गरम जेवण, चहा-कॉफी, वाय-फाय, चार्जिंगची सोय आणि थोडी शांतता. देशांतर्गत लाउंजमध्ये मुक्काम बहुधा दोन-तीन तासांपुरता असतो. मद्याचे पैसे अनेक ठिकाणी वेगळे पडतात. मधुमेही ज्येष्ठांना वेळेवर जेवण मिळणे, लांबच्या जोडप्रवासात पाठ टेकायला जागा मिळणे, तान्ह्या मुलाला भरवण्यासाठी कोपरा मिळणे, या खऱ्या गरजा आहेत. त्यांसाठी पैसे मोजण्यात गैर काही नाही. पण पाऊण तासाच्या मुक्कामासाठी, केवळ ‘मोफत आहे’ म्हणून धावपळ करणे तोट्याचे ठरते.

कार्डाची अट पुरी करण्यासाठी गरज नसलेली खरेदी करणे त्याहून तोट्याचे. समजा, तिमाहीचा नेहमीचा खर्च ६० हजार आहे आणि अट ७५ हजारांची आहे. एका प्रवेशासाठी १५ हजारांची जादा खरेदी केली, तर हजार-दीड हजारांच्या जेवणासाठी दहापट पैसे गुंतवल्यासारखे होईल. बिल वेळेवर भरता आले नाही तर वरून व्याज लागेल ते वेगळे. यापेक्षा त्या दिवशी रोख भरून आत जाणे स्वस्त पडते.

स्वस्त पर्यायही हळूहळू येत आहेत. डिसेंबर २०२४ मध्ये कोलकाता विमानतळावर आणि त्यानंतर चेन्नईत ‘उडान यात्री कॅफे’ सुरू झाले. तिथे चहा १० रुपयांना आणि समोसा २० रुपयांना ठेवण्यात आला. अशा ठिकाणांची संख्या वाढली तर लाउंजच्या दारातली गर्दी थोडी ओसरू शकेल, कारण अनेकांना हवा असतो तो परवडणारा नाश्ता.

तोवर निघण्यापूर्वी घरीच चार गोष्टी पाहाव्यात. तिकिटाच्या सोयींमध्ये ‘लाउंज’ हा शब्द आहे का? बोर्डिंग पासवर सदस्य दर्जा आला आहे का? ज्याचे कार्ड आहे तोच प्रवास करतो आहे का आणि आधीच्या तिमाहीची अट पूर्ण झाली आहे का? आणि त्या विमानतळावरील त्या टर्मिनलमध्ये, सुरक्षा तपासणीच्या आत, लाउंज आहे का? या चारही प्रश्नांच्या मागे प्रश्न एकच आहे, ‘आपले बिल कोण भरणार?’ त्याचे उत्तर आई-वडिलांना विमानतळावर पाठवण्यापूर्वी मुलाने शोधले, तर त्यांना काउंटरवर ओशाळे होऊन मागे फिरावे लागणार नाही. आणि उत्तर ‘कुणीच नाही’ असे आले, तर घरून नेलेला पोळी-भाजीचा डबा विमानतळावर गेटपाशी बसून खायला कोणतेही कार्ड लागत नाही.